पूजेतला पाना

चौथ्या चाकाचे चारही नट सुभानरावांनी बोटांनी फिरवून बसवले, पाना घ्यायला हात मागे नेला, आणि हाताला नुसती फरशी लागली. पाना नव्हता. पान्यांची पिशवीच नव्हती.

"आई!" ते गल्लीतूनच ओरडले. "माझी हत्यारं कुठं गेली?"

"देवीपुढं," मथुराबाईंनी आतून सांगितलं. "खंडेनवमीला हत्यारं आणखी कुठं जाणार? पिक्चरला?"

सुभानराव आत धावले. देवघरासमोर पाट मांडला होता. पाटावर पणजोबांची तलवार. पणजोबा बडोदे संस्थानच्या पागेत स्वार होते, आणि तेवढ्या एका गोष्टीवर मोहित्यांचं घर तीन पिढ्या छाती काढून चालत होतं. तलवारीशेजारी आबांचा, म्हणजे वडील पिलाजीरावांचा, पोलिसातला दंडुका. दंडुक्याशेजारी सुभानरावांची पिशवी, आणि पिशवीतून काढून पुढे ठेवलेला चाकाचा पाना. पिढीगणिक हत्याराची लांबी कशी कमी होत गेली ते त्या पाटावर एका नजरेत दिसत होतं. मग कोयता, विळी, कात्री. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. बाजूला नऊ दिवसांचा घट, त्यावरचं धान वीतभर वाढलेलं.

सुभानराव वाकले.

"हात लावायचा नाही," खाटेवरून पिलाजीराव म्हणाले. म्हाताऱ्याला दोन्ही डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण पूजेकडे जाणारा हात बरोबर दिसायचा. "हळद लागली की हत्यार देवीचं. उद्या संध्याकाळी शिलंगण झालं की आपलं."

"आबा, एक चाक आवळायचं राहिलंय. दोन मिनिटांचं काम आहे."

"तुझ्या पणजोबांनी नवमीला तलवार उपसली नाही. दारात शत्रू असता तरी उपसली नसती."

"शत्रू होता का दारात?"

"नव्हता. पण असता तरी."

सुभानराव गाडीशी येऊन उकिडवे बसले.

बडोद्यातच, मकरपुऱ्यातल्या एका पंपांच्या कारखान्यात त्यांनी चोवीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. दोन वर्षांपूर्वी मालकांनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा करून भाषण केलं, की जग बदललंय, परदेशी माल आलाय, आपणही बदललं पाहिजे. भाषण संपलं आणि गेटला कुलूप लागलं. बदलले ते कामगार. मालक होते तसेच राहिले. शेडच्या जागी आता आठ मजली इमारत उठत होती. हातात पडलेल्या पैशांतून सुभानरावांनी जुनी पांढरी एस्टीम घेतली आणि ती भाड्याने फिरवायला काढली. सात महिन्यांत गाडीत बसलेली गिऱ्हाइकं बहुतेक मडक्यातली होती. अस्थी घेऊन नर्मदेवर चांदोदला जायचं, येताना एक मडकं कमी.

आणि मग गोत्रीचे धवलभाई भेटले. हे धवलभाई कंपन्यांना गाड्या पुरवायचे. हालोलच्या रस्त्यावरच्या एका परदेशी कंपनीला त्यांना सहा गाड्या द्यायच्या होत्या, दोन वर्षं, रोजच्या रोज. पाच ठरल्या होत्या.

"दसराना दिवसे सवारे नव वागे गाडी लईने आवी जजो," धवलभाई म्हणाले होते, म्हणजे सकाळी नऊला गाडी हजर हवी. "फॉरेनना साहेब बेसवाना छे. गाडी टकाटक जोईए. मॅगव्हील होय तो पाक्कुं."

म्हणून ही मॅगव्हीलं, चकचकीत मिश्रधातूची चाकं. पाणीगेटच्या भंगारातून आणलेली, घासून आरशासारखी केलेली. फक्त मधलं भोक मोठं होतं.

आता हे भोकाचं प्रकरण समजून घेतलं पाहिजे. गाडीचं मूळ चाक हबच्या, म्हणजे आसाच्या टोकावरच्या गोल तबकडीच्या, उंच कडेवर डब्याच्या झाकणासारखं घट्ट बसतं. चाकाला मधोमध धरते ती कड. नट चाकाला फक्त दाबून धरतात. लोकांना वाटतं चाक नटांवर फिरतं, कारण नट चकाकतात आणि कड कुणाला दिसत नाही. कारखान्याबद्दलही लोकांना असंच काहीतरी वाटतं. तर, दुसऱ्या गाडीचं मोठ्या भोकाचं चाक बसवलं, की कड आणि भोक यांच्यामध्ये फट राहते, आणि ती भरायला एक काळी प्लास्टिकची कडी घालतात. नसली कडी, तर नटांच्या निमुळत्या तोंडांनी चाक मधोमध ओढून घेता येतं. पण त्यासाठी नट समोरासमोरचे, थोडे थोडे, पान्याने आवळावे लागतात.

चाकांबरोबर चार कड्या आल्या होत्या. सुभानरावांना तीनच सापडल्या. चौथीचं काही नाही, पान्याने भागवू, असं म्हणून त्यांनी काम सुरू केलं होतं.

"अहो, ती काळी गोल कडी शोधत होतात ना?" त्यांची बायको सुहासिनी दारात येऊन म्हणाली. "ती आईंनी घटाखाली घातलीये. घटस्थापनेला घट डुगडुगत होता."

"काय नेमका बसलाय बघ!" मथुराबाईंनी आतून साक्ष दिली. "नऊ दिवसांत केसभर हलला नाही."

मधोमध धरणारी कडी देवीकडे. आवळणारा पाना देवीकडे. सुभानरावांकडे फक्त चाक.

शेजारच्या उदयसिंहरावांकडे जुनी फियाट होती. सुभानराव तिकडे गेले. उदयसिंहरावांनी त्यांना हाताला धरून देवघरात नेलं आणि अभिमानाने दाखवलं: भाला, भाल्याला टेकवलेला पाना, पान्याला कुंकू. गल्लीत सगळी शिपाईगिरी केलेल्यांची घरं. अख्ख्या गल्लीत एक पाना मोकळा नव्हता. रविवार असल्याने मांडवीतली लोखंडाची दुकानंही बंद होती. उरले पाणीगेटचे गुलामनबीभाई.

गुलामनबीभाईंच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं आणि ते बाहेर स्टुलावर बसून चहा पीत होते.

"पाना आपो ने, गुलामनबीभाई. पाच मिनिट."

"पाना पूजामां छे."

"तुमचा?" सुभानरावांनी विचारलं.

"मारो." मग गुलामनबीभाई मराठीवर आले; तीस वर्षं मराठ्यांच्या गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला मराठी येतंच. "गेल्या दसऱ्याला एक पंक्चर काढलं, सुभानभाऊ. एक. बाळंतिणीची रिक्षा अडकली होती. दुसऱ्या दिवशी चार जण आले, म्हणाले, आमच्या सणाला लोखंड का उचललंस? जागेचा शेठ म्हणाला, दुकान खाली कर. हातापाया पडलो. म्हणून आज सकाळी सातलाच हार घातला. या गल्लीत सगळ्यांत मोठा हार माझा. बघायचाय?"

सुभानरावांनी शटरखाली वाकून पाहिलं. खरंच मोठा होता.

"भंगारातली मॅगव्हीलं ना? चाकात कडी तरी आहे ना?" गुलामनबीभाईंनी विचारलं.

"कडी देवीकडे आहे."

"आणि तुमचा पाना?"

"तोही देवीकडे."

गुलामनबीभाईंनी गल्लीच्या दोन्ही तोंडांना नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मग गाडी पण तिलाच चालवू दे, भाऊ. तुम्ही नका बसू."

आता कुणी म्हणेल, रात्री म्हातारा झोपला की गुपचूप पाना उचलायचा, चाक आवळायचं, परत ठेवायचा. देवी काय पोलीस कंप्लेंट करणार होती? सुभानरावांनाही हे सुचलं होतं. पण त्यांनी ते एकदा केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या पहाटे कारखान्यातून निरोप आला, की मोठा पंप बसलाय, लगेच ये. तिथल्या हत्यारांचीही पूजा झालेली. सुभानरावांनी घर झोपेत असताना पाटावरचा हाच पाना उचलला, कुंकू पँटला पुसलं, पंप सुरू करून दिला आणि दुपारी पाना होता तिथे ठेवला. कुणाला कळलं नाही. बरोबर एकतीस दिवसांनी गेटला कुलूप लागलं.

उन्हाळ्यापासूनच बिल्डरची माणसं फीत घेऊन शेड मोजत होती. सुभानरावांनी स्वतः त्यांच्या फितीचं दुसरं टोक धरलं होतं. चोवीस वर्षं केसाच्या दहाव्या भागापर्यंत मोजमाप घेतलेला हा माणूस. कारखाना पान्याने बुडत नाही, हे त्याला कळत होतं. पण कुलपासमोर साडेतीनशे माणसं रडत उभी राहिली, त्यात एकटे सुभानराव मान खाली घालून उभे होते. आजवर त्यांनी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यामुळे त्यांनी पान्याला हात लावला नाही. दसऱ्याच्या सकाळी सातला त्यांनी स्वयंपाकघरातून सांडशी उचलली. सांडशी पूजेत नव्हती. तिला कुणी हत्यार मानत नाही.

गल्लीत उकिडवं बसून ते सांडशीने नट आवळू लागले. सांडशी नटावरून सटकायची आणि बोटं चेंगरायची. घरातून काहीतरी ठण्, ठण् असा आवाज येत होता. पूजा चालली असेल, असं म्हणून त्यांनी रक्त आलेलं बोट तोंडात घातलं.

"मी येते बरोबर," सुहासिनी म्हणाली. "सांडशी धरायला कुणीतरी हवं."

मग मथुराबाईंनी चारही चाकांना झेंडूच्या माळा बांधल्या. नट दिसेनासे झाले.

पाणीगेटपासून मांडवीपर्यंत गाडी पायी चालणाऱ्याच्या चालीने गेली. दुतर्फा फाफडा-जिलेबीच्या रांगा. रांगेतली माणसं हसत होती, "काका, पंचर छे के शोभायात्रा?"

"अहो," मागून सुहासिनी म्हणाली, "माझ्याखाली काहीतरी नाचतंय."

"चाक मधोमध नाही. त्याला कड सापडत नाहीये."

"आपल्यालाही," ती म्हणाली आणि सांडशी घट्ट धरली.

न्यायमंदिराशी थांबून त्यांनी नट चाचपले. दोन बोटांनी फिरत होते. आवळले. सूरसागरला पुन्हा. तिथे एक पंक्चरवाला बसला होता, त्याच्या पेटीवरही हार. सुभानरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तर त्याने उद्या या म्हणून हात जोडले. "काले आवजो, काका. आजे तो भगवानने घेर छे." त्यानंतर घड्याळ पाहिलं तर नऊला वीस मिनिटं कमी. मग ते थांबले नाहीत.

धवलभाईंच्या सोसायटीच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा नऊला दोन मिनिटं कमी होती. सुभानरावांच्या सदऱ्यातून पाणी पिळून निघालं असतं. आत पाच गाड्या ओळीने उभ्या होत्या, पाच ड्रायव्हर कडक इस्त्रीत. धवलभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. मॅगव्हीलवर हात फिरवला.

"वाह! आने केवाय गाडी! सुभानराव, तमे तो राजाशाही माणस." मग ते ओरडले, "पाक्कुं! कालथी चालू!" म्हणजे उद्यापासून.

सुहासिनीने मागच्या सीटवर डोळे मिटून हात जोडले. सुभानरावांना वाटलं, झालं. आता उतरायचं, संध्याकाळी पाना आणायचा, आवळायचं, संपलं. दोन वर्षांचं रोजचं काम. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

"बेसो, बेसो!" धवलभाई म्हणाले. "लिंबू बाकी छे."

पुजाऱ्याने चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. नव्या कामाची गाडी लिंबं चिरडूनच पहिलं पाऊल टाकते, हा तिथला रिवाज. दृष्ट त्या लिंबांबरोबर फुटते.

"धवलभाई, नंतर केलं तर..."

"मुहूर्त जाय छे! चलावो!"

सुभानरावांनी क्लच सोडला. पुढचं उजवं लिंबू फुटलं. पुढचं डावं फुटलं. मागचं उजवं फुटलं. मागचं डावं चाक लिंबाशी आलं, लिंबावर चढू लागलं, आणि चढता चढता त्याने विचार बदलला. माळेच्या आतून खळ्ळकन आवाज झाला. दोन नट वाटेतच कुठेतरी पडले होते. उरलेल्या दोघांनी आता हात सोडले. चाक बाजूला कललं, झेंडूच्या माळेसकट शांतपणे तीन पावलं चालत गेलं आणि तुळशीवृंदावनाला टेकून आडवं झालं. गाडी मागच्या डाव्या बाजूने खाली बसली. एखादं जनावर बसतं तशी.

ड्रायव्हरांपैकी एक जण हसला आणि लगेच थांबला.

सुभानराव उतरले. "माझी चूक आहे," ते म्हणाले. "नट ढिले होते. आवळायला पाना नव्हता. रस्त्यावर निघालं असतं तर माणूस मेला असता. पण तेवढं आवळलं, की गाडी खणखणीत आहे, धवलभाई. चोवीस वर्षं मी फिटर..."

धवलभाई ऐकतच नव्हते. ते वाकून गाडीखाली बघत होते.

"नट तो समज्या," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "पण लिंबू केम ना फूट्युं?"

लिंबू तिथेच होतं. गोल, पिवळं, धड. चाकाने त्याला बाजूला सारलं होतं.

"दसराना दिवसे! मारे आंगणे!" धवलभाईंनी कानाला हात लावले. "ना भाई ना. माफ करो. साहेब लोग बेसवाना छे, अपशुकन ना चाले. गाडी सांजे उठावी लेजो."

ढिले नट चालले असते. त्यांच्याबद्दल त्या माणसाने एक शब्द विचारला नाही. अख्खं लिंबू चाललं नाही.

दोघं रिक्षाने घरी आली. वाटेत सुहासिनीने पदर सोडून दाखवला. आत ते लिंबू होतं. "उचलून आणलं," ती म्हणाली. "त्यांच्याकडे कशाला ठेवायचं? सरबत करते."

घरात घट उठला होता. देवघर शांत, मथुराबाई जपमाळ घेऊन बसलेल्या, पिलाजीराव खाटेवर घोरत होते. सुभानराव सरळ पाटाशी गेले आणि त्यांनी पाना उचलला. आता जायला काही उरलंच नव्हतं. पाना हाताला चिकट लागला. उलटा करून पाहिला, तर त्याच्या तोंडात नारळाच्या शेंड्या अडकल्या होत्या.

"आई, हे काय?"

मथुराबाईंनी आधी खाटेकडे पाहिलं. "हळू बोल. सकाळी नैवेद्याचा नारळ फोडला मी त्याने."

"पूजेतल्या पान्याने?"

"मग कशाने? कोयता पुजलाय ना!"

"पाना पण पुजलाय, आई!"

"कोयत्याला धार आहे, धारेच्या हत्याराला देवी असते. हा नुसता दांडा. दरवर्षी ह्यानेच फोडते मी. तुला हवा होता तर विचारायचंस तरी. ह्यांचं काय ऐकतोस?"

सकाळची ती ठण् ठण् सुभानरावांच्या कानात पुन्हा वाजली. "दरवर्षी?" त्यांनी विचारलं.

"एक वर्ष सोडून." मथुराबाईंचे हात माळेवर थांबले. "दोन वर्षांपूर्वी जागेवर नव्हता. कुठे गेला होता देवीला ठाऊक. नैवेद्य खोळंबला, म्हणून तलवारीच्या मुठीने फोडला. आणि महिन्याभरात तुझी कंपनी बसली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "रोज नाक घासते रे देवीपुढं. तुझी नोकरी मी खाल्ली, सुभान."

खाटेवरचं घोरणं केव्हाच थांबलं होतं.

"मुठीने," पिलाजीराव म्हणाले. आता घर डोक्यावर घेणार, म्हणून मथुराबाईंनी मान खाली घातली. "त्या वर्षी मी शिलंगणाला गेलोच नव्हतो. गुडघे दुखत होते. गल्लीच्या तोंडाशी पानाच्या ठेल्यावर बसलो, आपट्याची पानं विकत घेतली आणि सोनं म्हणून तुमच्या हातावर ठेवली. म्हटलं, कुणाला कळतंय! कुलूप लागल्यावर कळलं, कळतं."

"पाना मी नेला होता," सुभानराव म्हणाले. "पंप बंद पडला होता."

दोन वर्षं एका छपराखाली राहून तिघांनी तीन कोपऱ्यांत एकच कारखाना बुडवला होता.

सुभानरावांना एकाएकी आठवलं. मालकांनी त्याच दसऱ्याला नवी परदेशी गाडी घेतली होती. पंप सुरू करून हात पुसत ते उभे होते, तेव्हा मालकांनी बोलावलं होतं, 'सुभान, जरा लिंबू मूकजे.' चारही लिंबं त्यांनीच चाकांखाली ठेवली होती. चारही नीट फुटली होती.

ते हसायला लागले. हसणं काही चांगलं नव्हतं. सुहासिनी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. तिच्या हातात ते लिंबू होतं.

"अहो, विळी पूजेत आहे," ती म्हणाली. "हे कापू कशाने?"

सुभानरावांनी तिच्या हातातून लिंबू घेतलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि पाना दोन्ही हातांनी वर उचलून सगळ्या ताकदीनिशी खाली आणला. रस थेट देवघरापर्यंत उडाला.

घरात आंबट वास पसरला. खाटेवरून पिलाजीरावांनी विचारलं, "फुटलं का?"

"फुटलं, आबा."

"मग जा," म्हातारा म्हणाला. "ती कडी पण घेऊन जा. चाक आवळून ये."